खरं सांगितलं तर लायसन्स जाईल का?

नळ स्टॉपचा सिग्नल. संध्याकाळचे साडेसहा. मैत्रीण गाडी चालवत होती, मी मागे बसले होते. सिग्नल सुटला, पण आमची गाडी काही हलेना. मागून हॉर्नवर हॉर्न. मी तिच्या हेल्मेटवर टपली मारली, तशी ती दचकली आणि म्हणाली, ‘‘अगं, उतरायचंय का तुला?’’

दोन्ही पाय रस्त्यावर टेकवून ती चक्क झोपली होती. जेमतेम अर्धं मिनिट. रूमवर पोहोचेपर्यंत आम्ही हसत होतो. रात्री ग्रुपवर तो किस्सा मीच तिखटमीठ लावून टाकला. लेक्चरला झोपते म्हणून तिचं नाव आधीपासून ‘कुंभकर्ण’ होतंच. त्या रात्री ते ‘कुंभकर्ण ऑन व्हील्स’ झालं.

आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. कारण सहा महिन्यांनी कळलं की तिला नार्कोलेप्सी आहे. मेंदूशी संबंधित झोपेचा आजार. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तिने गाडीची चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘मी मागितली तरी देऊ नकोस.’’ आमच्या रूमच्या दाराशेजारी एक खिळा आहे. चावी अजून तिथेच लटकतेय.

तेव्हापासून आम्ही दोघी एकाच प्रश्नावर भांडतोय. लायसन्स तिच्या पाकिटात आहे. ते ठेवावं की नाही? आरटीओला सांगावं की नाही? आणि खरं सांगितलं तर लायसन्स जाईल का? हा लेख लिहू का, असं तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘लिही. पण नाव नको, कॉलेज नको, गाडीचा रंगसुद्धा नको.’’ या तीन अटी का घालाव्या लागल्या, त्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचंय.

आळस नाही हो, आजार

नार्कोलेप्सी हा शब्द तसा जुना. जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी तो १८८० मध्ये पहिल्यांदा वापरला. पण असं का होतं, याचा धागा हाती लागायला १९९८ साल उजाडलं. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या काही पेशी ओरेक्सिन नावाचं रसायन तयार करतात. आपल्याला सलग जागं ठेवायचं काम हे रसायन करतं. नार्कोलेप्सीच्या एका प्रकारात या पेशीच नष्ट होतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटत असावी, असं बहुतेक संशोधक मानतात.

मग होतं असं, की रात्री आठ तास झोपूनसुद्धा दिवसा झोप अंगावर कोसळते. ही आपल्याला जेवणानंतर येते तशी गुंगी नाही. दोन रात्री जागून तिसऱ्या दिवशी दुपारी जी अवस्था होते, ती यांची रोजची. कधी कधी हात काम करत राहतात आणि डोकं झोपलेलं असतं. मैत्रिणीच्या वह्यांमध्ये अशी कितीतरी पानं आहेत. वर व्यवस्थित नोट्स, मग अक्षर तिरकं, मग खाली घसरत गेलेली नुसती रेघ. सरांनी ते पान एकदा वर्गात सगळ्यांना दाखवलं होतं.

दुसरा प्रकार कॅटाप्लेक्सीचा. खळखळून हसलं, दचकलं किंवा खूप राग आला, की अंगातली ताकद काही क्षण निघून जाते. गुडघे वाकतात, मान पडते, हातातला चहाचा कप सुटतो. शुद्ध मात्र पूर्ण असते. हे सगळ्यांनाच होतं असं नाही, माझ्या मैत्रिणीला होतं. मी जोक मारला की ती भिंत धरायची. मला वाटायचं, काय भारी जोक मारते मी!

आता वयाचं बघा. हा आजार बहुतेकांना शाळेच्या शेवटच्या वर्षांत किंवा कॉलेजात असताना सुरू होतो. म्हणजे आपलंच वय. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत साधारण दोन हजार लोकांमागे एक असं प्रमाण सांगतात. आपल्याकडेही तेच धरलं, तर चार हजार मुलांच्या कॉलेजात असे दोघं तरी असतील. तुम्ही त्यांना ओळखतही असाल, ‘आळशी’ किंवा ‘झोपाळू’ या नावाने.

मैत्रिणीचा आजार ओळखायला जवळपास चार वर्षं गेली. आधी हिमोग्लोबिन तपासलं. मग थायरॉईड. मग ‘रात्री मोबाइल बघते’ म्हणून मोबाइल काढून घेतला. मावशीने नजर काढली. एका डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. शेवटी कुणीतरी झोपेच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे रात्रभर अंगाला तारा लावून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पुन्हा झोपायचं, अशी चाचणी असते. दिवसा दिलेल्या प्रत्येक संधीत माणूस किती मिनिटांत झोपतो आणि किती लवकर स्वप्नांच्या झोपेत शिरतो, हे त्यात मोजतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा झोपल्यावर पंधरा मिनिटांत स्वप्नांची झोप सुरू झाली, तर डॉक्टरांना नार्कोलेप्सीची शंका पक्की वाटते. आपल्याला ही स्वप्नांची झोप यायला साधारण दीड तास लागतो. रिपोर्ट वाचून मैत्रीण रडली. मला वाटलं घाबरली. ती म्हणाली, ‘‘नाही गं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं की मी नाटक करत नाहीये.’’

फॉर्ममधला शेवटचा प्रश्न

आता लायसन्सकडे येऊ. लर्निंग लायसन्स काढताना तुम्ही एक फॉर्म भरलाय. ‘फॉर्म १’, शारीरिक तंदुरुस्तीचं स्वतःच करायचं घोषणापत्र. आठवत नसेल, कारण आपल्यातल्या अर्ध्याजणांचा फॉर्म एजंटने किंवा बाबांनी भरलेला असतो. आणि ऑनलाइन भरला असेल तर धडाधड ‘नाही, नाही, होय, नाही’ करून पुढे गेला असाल. मीही तेच केलं होतं.

त्यात विचारलेलं असतं: फिट येते का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का? पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? ऐकू येतं का? आणि शेवटी एक प्रश्न: तुम्ही गाडी चालवल्याने लोकांना धोका होऊ शकेल असा आणखी कुठला आजार किंवा अपंगत्व आहे का? असेल तर तपशील द्या.

झोप हा शब्द या फॉर्ममध्ये कुठेच नाही. नार्कोलेप्सी असो की रात्रभर घोरून दिवसा पेंगायला लावणारा स्लीप अ‍ॅप्निया, सगळं त्या शेवटच्या ‘आणखी कुठला’मध्ये ढकललंय.

मैत्रिणीने अठराव्या वर्षी तिथे ‘नाही’ लिहिलं. ते खोटं नव्हतं. तिला तेव्हा ठाऊकच नव्हतं. पण आता ठाऊक आहे, आणि आता तिला कुणी विचारत नाही. तिशीच्या आत काढलेलं लायसन्स वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. अठराव्या वर्षी एकदा टिक केली की बावीस वर्षं निवांत. आजार सुरू व्हायचं वय नेमकं या बावीस वर्षांच्या तोंडाशी आहे.

कायदा काय म्हणतो? १९८८ चा मोटार वाहन कायदा मी बसून वाचला. (मास कॉमला मीडिया लॉ असतो. त्याचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं.) कलम ८ म्हणतं, अर्जावरून किंवा वैद्यकीय दाखल्यावरून धोकादायक आजार दिसला तर लर्निंग लायसन्स नाकारायचं. कलम १६ म्हणतं, लायसन्सधारक आजारामुळे गाडी चालवायला अपात्र आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर आरटीओ ते कधीही रद्द करू शकतं किंवा वैद्यकीय दाखला मागू शकतं. आणि कलम १८६ म्हणतं, आपल्याला असा आजार आहे हे माहीत असूनही सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवली तर दंड. पहिल्यांदा एक हजार रुपये, पुन्हा सापडलात तर दोन हजार.

‘माहीत असूनही’ हे शब्द पुन्हा वाचा. ज्याला माहीत नाही, तो या कलमात अडकत नाही. हे न्यायाला धरूनच आहे. पण त्याचा परिणाम बघा. जो डॉक्टरकडे गेला, तपासण्या केल्या, रिपोर्ट आणला, त्याच्यावर जबाबदारी आली. जो लेक्चरला, बसमध्ये, सिग्नलला झोपतो पण डॉक्टरकडे जातच नाही, तो कागदावर ठणठणीत. म्हणजे गाडी वाचवायची असेल तर सगळ्यात सोपा उपाय कोणता? तपासायचंच नाही. आणि तपासलं तर कुणाला सांगायचं नाही.

मैत्रिणीच्या आईने तिला हेच सांगितलं. ‘‘कुठे बोलू नकोस. नोकरी बघायचीय, पुढे स्थळं बघायचीत.’’ आईला दोष देऊ नका. आपल्याकडे आजाराला नाव मिळालं की माणसाची सगळी ओळख त्या एका नावात जाते. आणि नोकरीचं म्हणाल, तर फील्डवर्कच्या जाहिराती उघडून बघा. ‘स्वतःची दुचाकी व लायसन्स आवश्यक’ हे वाक्य पगाराच्या आकड्याच्या आधी लिहिलेलं असतं.

मग सरळ बंदीच का नको?

हा प्रश्न मला माझ्या भावाने विचारला. ‘‘ताई, कधीही झोप लागू शकते अशा माणसाला गाडी द्यायचीच कशाला? उद्या कुणाच्या तरी अंगावर घातली म्हणजे?’’

त्याचा प्रश्न चुकीचा नाही. हिशेबच करा. ताशी साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते. तीन सेकंद डोळे मिटले तर पन्नास मीटर. या पन्नास मीटरमध्ये झेब्रा क्रॉसिंग असू शकतं, शाळेचं फाटक असू शकतं. सायकलवरचे एखादे आजोबा असू शकतात. त्या आजोबांनी कुणाच्या आजाराची जोखीम का घ्यावी? त्यांचा रस्त्यावरचा हक्क माझ्या मैत्रिणीच्या लायसन्सपेक्षा मोठा आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय, आणि तिलाही ते मान्य आहे. म्हणूनच तर चावी खिळ्यावर आहे.

पण कायमची सरसकट बंदी घालून ते आजोबा सुरक्षित होतात का? मला नाही वाटत. बंदी लागू होणार फक्त कळलेल्यांना. न कळलेले रस्त्यावर राहणारच. उलट बंदीच्या धाकाने जे डॉक्टरकडे गेले असते तेही जाणार नाहीत. आणि उपचार न घेणारा माणूस उपचार घेणाऱ्यापेक्षा जास्त धोकादायक आहे, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही.

दुसरं म्हणजे या आजारावर उपचार आहेत. आजार मुळासकट जात नाही, पण लक्षणं बरीच आटोक्यात येऊ शकतात. जागं राहायला मदत करणारी औषधं आहेत, कॅटाप्लेक्सीवर वेगळी औषधं आहेत आणि ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची डुलकी घेणं हाही उपचाराचाच भाग आहे. प्रत्येकाला सारखा गुण येतो असं नाही. काहींनी गाडी चालवूच नये, हेही खरं. पण कुणी चालवावी आणि कुणी नाही, हे आजाराच्या नावावरून ठरवायचं की त्या माणसाच्या आजच्या अवस्थेवरून? मुद्दा एवढाच आहे.

ब्रिटनमध्ये काय करतात?

ब्रिटनमध्ये लायसन्सचं काम डीव्हीएलए नावाची सरकारी संस्था बघते. तिथला नियम अगदी स्पष्ट आहे. नार्कोलेप्सीचं निदान झालं की गाडी थांबवायची आणि संस्थेला कळवायचं. कळवलं नाही तर एक हजार पौंडांपर्यंत दंड. पण नियम इथे संपत नाही. लक्षणं किमान तीन महिने समाधानकारक आटोक्यात राहिली, तर साध्या गाडीच्या लायसन्सचा पुन्हा विचार होतो. बस आणि ट्रकचालकांसाठी कसोटी आणखी कडक आहे. त्यांना तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं लागतं आणि जागं राहण्याची चाचणीही द्यावी लागते.

अशा चाचण्या अस्तित्वात आहेत, हेच मला आधी माहीत नव्हतं. त्यातल्या एका चाचणीत मंद उजेडाच्या खोलीत चाळीस मिनिटं नुसतं बसायचं असतं. मोबाइल नाही, पुस्तक नाही, बोलणं नाही. फक्त जागं राहायचं. दिवसभरात असं चार वेळा. मला खात्री आहे, सबमिशनच्या आठवड्यात आपल्या वर्गातली निम्मी मुलं यात नापास होतील.

ब्रिटनची नक्कल करा असं मी म्हणत नाही. तिथल्यासारखी डॉक्टरांची, बसची, मेट्रोची सोय आपल्याकडे प्रत्येक गावात नाही. पण त्या नियमातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे खरं सांगणाऱ्याला थांबवतात, पण परत यायचा रस्ताही दाखवतात. तीन महिने ही मुदत डोळ्यांसमोर असली की माणूस कळवायला तयार होतो. आपल्या कायद्यात लायसन्स नाकारायचं कलम आहे, रद्द करायचं कलम आहे. पण नार्कोलेप्सी असलेल्या माणसाने किती महिने थांबायचं, कुठला दाखला आणायचा, कुठली चाचणी द्यायची, हे आपल्या फॉर्मवर कुठेच वाचायला मिळत नाही. मग एकटी पोरगी आरटीओच्या खिडकीवर जाऊन सांगणार काय आणि खिडकीतला माणूस लिहून घेणार काय?

माझं म्हणणं चार वाक्यांत सांगते. फॉर्म १ मध्ये झोपेबद्दल साधा, कळेल असा प्रश्न घाला: ‘दिवसा आवरता न येणारी झोप येते का?’ ‘होय’ म्हणणाऱ्याला लगेच नकार न देता तज्ज्ञाचा दाखला मागा आणि लक्षणं ठरावीक महिने आटोक्यात राहिली तर लायसन्स द्या. ते चाळिशीपर्यंतचं नको, एक-एक वर्षाचं द्या आणि दरवर्षी दाखल्यावर वाढवा. आणि निदान करणाऱ्या डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवर एक ओळ गाडीबद्दलही लिहावी. मैत्रिणीच्या आधीच्या चार डॉक्टरांपैकी एकानेही ‘गाडी चालवतेस का?’ असं विचारलं नव्हतं.

नियम बदलेपर्यंत तुमचं काय?

नियम बदलायला वेळ लागतो. तुम्ही उद्या सकाळी गाडी काढणार आहात. म्हणून हे तुमच्याशी.

रात्री पुरेशी झोप होऊनही तुम्हाला दिवसा आवरत नसेल, हसताना गुडघे लटके पडत असतील, झोपेतून जाग आल्यावर काही क्षण हातपाय हलत नसतील किंवा खोलीत कुणीतरी असल्याचा भास होत असेल, तर गुगल करत बसू नका. न्यूरोलॉजिस्ट किंवा झोपेच्या तज्ज्ञांना दाखवा. एपवर्थ नावाची एक साधी प्रश्नावली आहे, १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेली. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर वगैरे. प्रत्येक प्रसंगात डुलकी लागायची शक्यता किती, त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टरांशी बोलायला हवं. यातून आजार ठरत नाही, पण डॉक्टरांसमोर ‘मला फार झोप येते’ यापेक्षा नेमकं काहीतरी मांडता येतं.

आणि डॉक्टर ‘चालव’ म्हणेपर्यंत गाडी बंद. कितीही जवळ जायचं असलं तरी बंद. ‘कोपऱ्यावरच तर जायचंय’ म्हणून निघालेल्या माणसालाही झोप लागू शकते. चावी दुसऱ्याकडे द्या. मोह होतो, म्हणून द्या. घरी निदान एका माणसाला सगळं सांगा. आणि कृपा करून परीक्षेच्या काळात मित्राकडून ‘जागं राहायची गोळी’ मागून घेऊ नका. ती औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवरची आहेत. माझ्या मैत्रिणीला ती दिवस धड घालवायला लागतात, तुम्हाला ती शेवटच्या रात्रीचा अभ्यास करायला हवी असतात.

तुमची मैत्रीण अशी झोपत असेल तर? मी केलं ते करू नका. मी हसले. किस्सा रंगवला. आणि त्यानंतरही सहा महिने तिच्या मागे बसून फिरले. एकदाही ‘मी चालवते, तू मागे बस’ म्हटलं नाही. त्या सहा महिन्यांत काही झालं नाही ते आमचं नशीब, आणि रस्त्यावरच्या अनोळखी लोकांचंही.

आजार नसलेल्यांनो, आता तुम्ही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हालचाली तेवढ्याच मंदावतात, जेवढ्या रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना मंदावतात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून रात्री बारानंतर ‘चल, लोणावळ्याला चहा प्यायला जाऊ’ म्हणून बाइक काढणारे आपण सगळे या हिशेबात कुठे बसतो? दारू पकडायला पोलिसांकडे मशीन आहे. झोप पकडायचं मशीन चौकात नाही. त्यामुळे तिथे प्रत्येकाचा स्वतःच्या शब्दावर कारभार. माझी मैत्रीण आज खिळ्यावरच्या चावीकडे बघून रिक्षाने किंवा मेट्रोने जाते. आपण डोळे चोळत हायवेला लागतो. मग जबाबदार ड्रायव्हर कोण?

पुढच्या आठवड्यात तिचे तीन महिने पूर्ण होतायत. औषधं लागू पडलीत. दुपारी दोनला ती लायब्ररीमागच्या रिकाम्या खोलीत वीस मिनिटं झोपते आणि अलार्म वाजला की उठून लेक्चरला येते. झटके बरेच कमी झालेत. जोकवर गुडघे अजून अधूनमधून वाकतात, पण कमी. डॉक्टर काय म्हणतील माहीत नाही. ‘नको’ म्हणाले तर गाडी विकायची, हे तिने ठरवलंय.

‘हो’ म्हणाले तर काय, यावरच आमचं भांडण आहे. मी म्हणते, दाखला घेऊन आरटीओत जा आणि सांग. त्यांनी लायसन्स रद्द केलं तर कलम १७ नुसार कारण लेखी द्यावं लागतं, आणि तीस दिवसांत अपील करता येतं. कुणीतरी पहिल्यांदा लेखी विचारल्याशिवाय नियम तयार कसा होणार? ती म्हणते, ‘‘तुला लेख मिळेल. माझी नोकरी जाईल. तू येशील का माझ्याऐवजी पायी?’’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. तरी माझं मत बदललेलं नाही. डॉक्टर ‘हो’ म्हणाले तरी मी तिला चावी देताना आरटीओचा विषय पुन्हा काढणार आहे. पण ती गप्प राहिली तर तिला भित्री म्हणायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही. खरं बोलणाऱ्याला काय मिळेल हे आपण कुणीच तिला सांगू शकत नाही, तोवर तो हक्क कुणालाच नाही.

तुम्ही मात्र आज एक करू शकता. तुमच्या ग्रुपवर कुणाचं नाव ‘कुंभकर्ण’ असेल, तर त्याला वेगळा मेसेज करा. ‘रात्री झोपतोस ना नीट? तरी दिवसा एवढी झोप का येते? एकदा दाखवू या का?’ एवढंच विचारा. आणि तो ‘हो’ म्हणाला, तर डॉक्टरकडे जाताना गाडी तुम्ही चालवा.